दर अर्ध्या तासाला

शनिवार, १

नोकरी सोडून आज चाळीस दिवस झाले. कारखान्यात बिघाडांची नोंदवही ठेवत असे. तारीख, मशीन, काय झाले, काय केले. मनात काय आले ते लिहायला तिच्यात रकाना नव्हता. म्हणून ही दुसरी वही.

काम मिळाले आहे. पहिलेच. हॅचरीत अंडी उबवायची चार मशीन आहेत, कपाटाएवढी. त्यांतल्या एकाचा कंट्रोल जळाला. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, सुटे भाग मिळत नाहीत. मी नवा कंट्रोल बोर्ड तयार करून देतो, असे म्हणून मोकळा झालो.

हॅचरी चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. पन्नाशीच्या असतील. "जमेल ना, इंजिनिअर?" त्यांनी विचारले. मी इंजिनिअर नाही, देखभाल खात्यात फिटर होतो. पण त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

मशीन मामा सांभाळतात. ते कोणाचे मामा, ते कोणालाच माहीत नाही. एकतीस वर्षे तिथे आहेत. मी बोर्ड दाखवला.

"एवढाच?"

"एवढाच."

"चुकून खिशात गेला तर सापडायचाही नाही."

मंगळवार, ४

बोर्ड बसवला. प्रोग्रॅम घरी लिहून नेला होता. यूएसबी केबलने तो चिपमध्ये उतरवायचा, एवढेच उरले होते. दोन तास लॅपटॉपला बोर्ड दिसेना. बोर्डावरचा दिवा लागलेला, म्हणजे वीज पोचत होती. ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. लॅपटॉप तीनदा बंद करून चालू केला. मग लक्षात आले की घाईत वडिलांच्या फोनच्या चार्जरची केबल उचलली होती. तिच्यात विजेच्या तारा असतात, माहितीच्या नसतात.

मामा शेजारीच उभे होते. "सापडला का रोग?"

"केबल."

"मग मघापासून बोर्डाला का शिव्या देत होतात?"

दुसरी केबल आणल्यावर एका मिनिटात झाले. प्रोग्रॅम साधा आहे. तापमान ३७.७ च्या खाली गेले की हीटर लावायचा, वर गेले की बंद करायचा. बोर्ड चालू झाल्यापासून एक तास मोजायचा. तास भरला की मोटर चालवून सगळे ट्रे डावीकडून उजवीकडे कलवायचे, आणि पुन्हा एकपासून मोजायला लागायचे. पुढच्या तासाला उजवीकडून डावीकडे. सुरू होताना बोर्डावरचा लाल दिवा तीनदा लुकलुकतो. तेही मीच घातले आहे.

अंडी हलवली नाहीत तर आतला जीव कवचाला चिकटून बसतो, असे मामांनी सांगितले. कोंबडी चोचीने ती दिवसभर फिरवत असते. "तिला कोण शिकवतं हो?" म्हणाले. मोटर बंद पडली तर ट्रे हाताने कलवता यावेत म्हणून मशीनच्या बाजूला जुना लोखंडी दांडा आहे. तो आता काढून टाकू का, असे मी विचारले.

"राहू दे की. खायला थोडंच मागतोय."

बुधवार, ५

सकाळी दहाला सहाशे अंडी भरली. बाकीच्या तिन्ही मशीनमध्ये गिऱ्हाइकांची अंडी आहेत. या मशीनमध्ये ताईंची स्वतःची. बावीस वर्षे निवडत आणलेल्या करड्या कोंबड्यांची. कोंबड्या आता थकल्या, यापुढे एवढी अंडी मिळणार नाहीत. या खेपेतून पिल्ले निघाली तर ती पैदास पुढे चालेल, नाही तर संपेल.

"मग हीच अंडी नव्या बोर्डावर कशाला?" मी विचारले. विचारायला नको होते.

"दुसऱ्याची अंडी तुमच्यावर कशी सोपवू?" ताई म्हणाल्या.

एकवीस दिवस. सव्वीस तारखेला कळेल.

गुरुवार, ६

तीनदाच पाहायचे असे ठरवून निघालो होतो. दुपारपर्यंत आठदा पाहून झाले. लॅपटॉपची बॅटरी पंधरा मिनिटांत मान टाकते आणि प्लग आहे ऑफिसात. म्हणून लॅपटॉप मशीनपाशी न्यायचा, केबल लावायची, स्क्रीनवरची खिडकी उघडून आकडा पाहायचा, बंद करायचा, ऑफिसात चार्जिंगला लावायचा. बसायचे. अर्ध्या तासाने पुन्हा.

३७.७. ३७.६. ३७.७.

खिडकी उघडली की बोर्डावरचा दिवा तीनदा लुकलुकतो. ओळख दिल्यासारखा. बरे वाटते.

तीनच्या सुमारास मामा ऑफिसच्या दाराशी आले. "साहेब, सकाळपासून ट्रे डावीकडेच आहेत."

"तासातासाला फिरतात ते. दोन फेऱ्या झाल्यावर पाहिलंत तर पुन्हा डावीकडेच दिसणार. सम आकडा आला की तसंच होतं."

"मी दोनदाच नाही पाहिलं."

एकतीस वर्षे एकाच मशीनशी संसार केलेल्या माणसाला नवे पचायला वेळ लागणारच.

शनिवार, ८

अर्धा दिवस जाऊन आलो. अकरा वेळा पाहिले. तापमान ठीक.

वडिलांना हॉस्पिटलातून आणून आठवडा झाला. डॉक्टरांनी भरपूर झोप सांगितली आहे. दुपारी त्यांच्या खोलीत तीनदा जाऊन झोप लागली का विचारले. तिन्ही वेळा नाही म्हणाले. चौथ्या वेळी बायकोने दारातच अडवले.

"अहो, लागते आहे की त्यांना. तुम्ही विचारायला जाता तेव्हा जाते."

डॉक्टरांना गोळी बदलून द्यायला सांगितले पाहिजे.

रविवार, ९

हॅचरीत गेलो नाही. बायको म्हणाली, एक दिवस तरी बूड टेका. नऊपर्यंत टेकले. मग मामांना फोन केला.

"आज झकास फिरतायत हो. घड्याळ घेऊन बसलोय. तासाच्या ठोक्याला."

"मी तेच तर सांगत होतो."

"आज तुम्ही आला नाहीत ना."

हा टोमणा होता. मी हसल्यासारखे केले आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य खुपत राहिले. मी आलो की त्यांच्या मशीनवर परका माणूस येतो, एवढेच त्यांना दिसते.

सोमवार, १०

मामांचे म्हणणे एकदा खोडून काढायचे ठरवले. दर अर्ध्या तासाला तापमान पाहताना ट्रेची बाजूही कागदावर टिपली. साडेनऊला डावीकडे. दहाला डावीकडे. साडेदहा, अकरा, साडेअकरा, डावीकडे. साडेबाराला डावीकडे.

मोटर पाहिली, चालते. ती चालू-बंद करणारा रिले बदलला. एकला पाहिले, डावीकडे. एक वाजता जेवायला गेलो, पावणेदोनला परतलो. उजवीकडे.

मग चारपर्यंत उजवीकडेच. चहा पिऊन आलो तर डावीकडे.

मी समोर असेन तर हलत नाही. मी गेलो की हलते. मी नसताना मशीनच्या खोलीत एकच माणूस असतो.

हे लिहावेसे वाटत नव्हते. पण कागद समोर आहे आणि कागदावर तेच आहे.

मंगळवार, ११

जेवायला म्हणून निघालो आणि फाटकावरून परत फिरलो. चष्मा विसरला, असे रखवालदाराला सांगितले. चष्मा डोळ्यांवर होता.

मशीनच्या खोलीत मामा होते. दोन्ही हातांनी दांडा धरून ट्रे उजवीकडे ढकलत होते. सावकाश, अजिबात धक्का न लागू देता.

"काय चाललंय मामा?"

"फिरवतोय. तुमचं फिरवत नाही ना."

"तुम्ही हात लावता म्हणून फिरत नाही. ट्रे कुठे आहेत हे मोटरला कळेनासं होतं."

हे वाक्य मला बोलता बोलताच सुचले. बोलून झाल्यावर ते पटले.

सरळ ताईंकडे गेलो. मामा असे करणार नाहीत, म्हणाल्या. मी डोळ्यांनी पाहिले, असे सांगितले. ते खरेच होते. कागदही दाखवला. ताईंनी तो दोनदा वाचला.

बुधवार, १२

सातवा दिवस. आज अंडी तपासली. खोलीत अंधार करून एकेक अंडे दिव्यासमोर धरायचे. जिवंत अंड्यात लाल रेषांचे जाळे दिसते. मेलेल्यात जाळे नसते, रक्ताचे नुसते कडे दिसते. मामा हातात घेऊन सांगत होते, ताई लिहीत होत्या. सदतीस कोरी, त्यांत जीव धरलाच नव्हता. एकसष्ट मेलेली. नेहमी दहा-बारा असतात. पाचशे दोन उरली.

दिवे लावल्यावर ताई मामांना म्हणाल्या, "ही खेप निघेपर्यंत घरी राहा."

मी तिथेच होतो. बाहेर जायला हवे होते, पण मामा दाराच्या बाजूला उभे होते. त्यांनी मशीनच्या खोलीची किल्ली खिशातून काढली, दोऱ्यातून सोडवली आणि टेबलावर ठेवली. वाद घातला नाही. हात झटकले नाहीत. जाताना माझ्याजवळ थांबले.

"दुपारचं फिरवत जा, साहेब."

जाता जाता टोचून गेले.

शुक्रवार, १४

मूळ सापडले की जीव थाऱ्यावर येतो. काल आणि आज दोनदाच पाहिले, सकाळी आणि निघताना. दिवसभर ऑफिसात निवांत बसलो. ताई स्वतः घड्याळ घेऊन मशीनसमोर बसल्या होत्या. दर तासाला ट्रे फिरले. अकरा, बारा, एक, एकही चुकला नाही.

हे त्यांनीच येऊन सांगितले. चेहऱ्यावर आनंद मात्र दिसला नाही. "म्हणजे मामाच," एवढे म्हणाल्या आणि दाण्याची पोती पाहायला गेल्या.

शनिवार, १५

ताईंनी बाकीच्या तिन्ही मशीनचे बोर्ड करायला सांगितले. मी नुसती मान हलवली. घरी आल्यावर बायकोला सांगितले. ती म्हणाली, चला, चाळिशी पार पडली. दिवसांची म्हणाली. माझी कधीच पार पडली आहे.

आज झोप येईल असे वाटते आहे.

रविवार, १६

सकाळी जेवणाच्या टेबलावर दुसरा बोर्ड मांडला होता. बायको समोर शाळेतल्या मुलांच्या गणिताच्या वह्या तपासत होती. बोर्ड चालू करून मी प्रोग्रॅममध्ये किरकोळ बदल लिहीत होतो. वीसएक मिनिटांनी तापमान पाहायला खिडकी उघडली.

"हा दिवा असा का करतो?" तिने विचारले.

"तीनदा लुकलुकतो. बोर्ड सुरू झाला की."

"सुरू तर मघाशीच केलात."

"हो."

"मग आता कशाला लुकलुकला?"

खिडकी बंद केली. उघडली. तीनदा. बंद केली. उघडली. तीनदा. बायकोने लाल पेन खाली ठेवले.

लॅपटॉप यूएसबीवरून बोर्डाशी बोलायला लागतो तेव्हा आधी बोर्डाला पहिल्यापासून सुरू करतो. नवा प्रोग्रॅम घ्यायला तो तयार असावा म्हणून. ही सोय आहे. हे काम करणाऱ्या कोणालाही विचारा, सांगेल. मलाही कोणी विचारले असते तर मी सांगितले असते.

बोर्ड सुरू झाला की तास एकपासून मोजतो. मी दर अर्ध्या तासाला पाहत होतो. तास कधी भरतच नव्हता. रात्री, रविवारी, मी निवांत होतो त्या दोन दिवसांत भरत होता.

"काय झालं?" बायकोने विचारले.

सांगितले. तिने मामांचे विचारले. वडिलांना गोळी द्यायची वेळ झाली होती, मी उठलो.

सोमवार, १७

चिपच्या रिसेटच्या पायाला, म्हणजे जिथून ती पहिल्यापासून सुरू होते तिथे, एक छोटा कपॅसिटर जोडला. आता लॅपटॉपने कितीही धक्का दिला तरी बोर्ड सुरुवातीला जात नाही. दहा मिनिटांचे काम. दिवसभर मुद्दाम दर पाव तासाला खिडकी उघडली. दिवा गप्प राहिला. ट्रे तासाला फिरले.

"काय सोल्डर करत होतात?" ताईंनी विचारले.

"जास्तीची काळजी."

"घ्या बाई. मामा गेल्यापासून कसं सगळं सुरळीत चाललंय. मला पटत नव्हतं, खरं सांगते."

सांगायची ती वेळ होती. गेली.

मंगळवार, १८

मामांना कामावरून काढलेले नाही. ही खेप निघेपर्यंत घरी बसायला सांगितले आहे, एवढेच. खेप निघाली की परत येतील. मग सांगता येईल. आत्ता सांगितले तर ताई बोर्ड काढून टाकतील, आणि अर्ध्या वाटेत अंड्यांचे हाल होतील. म्हणजे न सांगणे अंड्यांच्याच भल्याचे आहे.

वाचून पाहिले. कारखान्याच्या नोंदवहीत साहेबांनी यावर सही केली नसती.

गुरुवार, २०

मामांकडे गेलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे त्यांच्या बहिणीच्या दोन खोल्या आहेत. मामा जमिनीवर बसून खिडकीची जाळी शिवत होते.

"या," बहीण म्हणाली. "आठ दिवसांत यांनी घरातलं सगळं दुरुस्त केलं. आता चांगलं असलेलंही उसवायला घेतलंय. लवकर घेऊन जा बाबा यांना."

मामांनी दातांनी दोरा तोडला. "फिरतायत ना?"

"फिरतायत."

"दुपारचेसुद्धा?"

"दुपारचेसुद्धा."

"मग झालं."

मी पाण्याचा पेला हातात धरून बसलो होतो. "मामा, तुम्ही दिवसातून किती वेळा फिरवत होतात?"

"तुम्ही जेवायला गेलात की एकदा. चहाला गेलात की एकदा. फोन आला की तुम्ही बोलत बोलत फाटकापर्यंत जाता, तेव्हा एकदा. तीनचार वेळा व्हायचं. कमीच पडलं."

"समोर का नाही फिरवलंत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. पहिलंच काम तुमचं."

"मला सांगायचं तरी."

मामांनी सुई वर धरून दोरा ओवला. दुसऱ्या खेपेला ओवला गेला. "सांगितलं की."

बहीण आत गेली. मी म्हणालो, जाळी छान बसली आहे. मग निघालो. परतताना दोन चौक चुकलो.

शुक्रवार, २१

"सांगितलंत?" बायको.

"पिल्लं निघाली की सांगतो."

"चांगली निघाली तर सांगणार, की वाईट निघाली तर?"

ती वह्या घेऊन शाळेत गेली. वडिलांनी हाक मारली, जरा बस म्हणाले. बसलो. माझ्या हाताकडे पाहत होते. मी बोटे टेबलावर वाजवत होतो. थांबवली. थोड्या वेळाने पुन्हा वाजत होती.

शनिवार, २२

सांगितले.

ऑफिसात ताई एकट्या होत्या. तोंडी सांगितले तर माझी वाक्ये पळवाटा काढतील, हे मला माहीत होते. म्हणून दुसरा बोर्ड नेला होता. सेकंद मोजून आकडा दाखवेल असा प्रोग्रॅम त्यात घातला होता. कपॅसिटर नव्हता लावला. आकडा चाळीसवर गेल्यावर ताईंना म्हणालो, ही खिडकी उघडा. त्यांनी उघडली. दिवा लुकलुकला. एक, दोन, तीन, चार.

"पुन्हा पहिल्यापासून?"

"हो. पाहिलं की पहिल्यापासून."

त्यांनी बंद करून उघडले. पुन्हा. तिसऱ्या वेळी आकडा पन्नासपर्यंत जाऊ दिला आणि मग उघडले.

"आणि तुम्ही किती वेळा पाहत होतात?"

"दर अर्ध्या तासाला."

"मामा हाताने फिरवत होते, ते मग..."

"म्हणून जेवढी वाचली तेवढी वाचली."

ताईंनी लॅपटॉपचे झाकण लावले. रागावतील असे वाटले होते. त्यांनी फक्त विचारले, "हे तुम्हाला कधी कळलं?"

यासाठी मी तयार नव्हतो. सकाळपासून सगळी तयारी काय झाले ते सांगायची होती.

"रविवारी."

"आज शनिवार आहे."

"हो."

"सोमवारी मी तुम्हाला विचारलं होतं, काय सोल्डर करताय."

"हो."

त्या उठल्या, चपला घातल्या. दाराशी गेल्यावर म्हणाल्या, "मशीन बंद पडतं, ते चालतं मला. तुम्ही उद्या या. नंतरचं नंतर पाहू. त्या तीन बोर्डांना हात लावू नका."

स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. सायकलच्या दुकानाच्या दिशेने गेला.

रविवार, २३

अठरावा दिवस. आज अंडी कलत्या ट्रेमधून काढून खालच्या सपाट खणांत ठेवायची. पोचलो तेव्हा मामा आधीच आले होते. किल्ली पुन्हा दोऱ्यात होती. ताई आणि ते दोघे अंडी हलवत होते. मला कोणी बोलावले नाही, जा असेही म्हटले नाही. मी रिकामे ट्रे धुतले.

मामांशी बोलायचे होते. "मामा, माझी चूक..."

"ट्रे उन्हात पालथे घाला. ओले ठेवू नका."

शेवटचा खण लावून त्यांनी मशीनचे दार बंद केले. आता तीन दिवस ते उघडायचे नाही. उघडले की आतली ओल जाते आणि पिल्लू कवचातच वाळते. मामा माझ्याकडे वळले, लॅपटॉपवरची केबल उचलली, तिची गुंडाळी केली आणि खिशात घातली.

"दार नाही, आणि हीसुद्धा नाही."

"तापमान कसं कळणार?"

"काचेतून आतला थर्मामीटर दिसतो. एकतीस वर्षं दिसतोय."

मंगळवार, २५

काम नाही, तरी गेलो. मशीनच्या खोलीबाहेर पालथ्या क्रेटवर बसलो. उठलो. फाटकापर्यंत गेलो, आलो. रखवालदाराने विचारले, आज चष्मा आहे ना? मी आहे म्हणालो.

काचेतून पाहावेसे वाटत होते. काच दारालाच आहे, पाहून काही बिघडत नाही. तरी गेलो नाही.

चारच्या सुमारास भिंतीतून बारीक टकटक ऐकू आली. मग चिवचिव. मी उभा राहिलो. मामा दारात पाठमोरे बसले होते, मान न वळवता म्हणाले, "ऐकायला बंदी नाही."

बसलो.

बुधवार, २६

सकाळी नऊला मामांनी दार उघडले. गरम ओला वास आला. करडी पिल्ले, काही अजून भिजलेली, एकमेकांच्या अंगावर चढत होती. ताई मोजत होत्या, दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा जमले. चारशे एकतीस. पैदास चालेल एवढी. ताईंनी पदराने चेहरा पुसला, घाम आला म्हणाल्या, आणि पेट्या घेऊन बाहेर गेल्या.

खणांत न फुटलेली एकाहत्तर अंडी उरली होती. ती टाकायची असतील असे समजून मी बादली आणली. मामांनी बादली बाजूला सरकवली, पत्र्याचे एक ताट घेतले आणि खाली बसले. समोर बसायची खूण केली.

एक अंडे बोथट टोकाकडून फोडले, कवच नखाने सोलले. आत पूर्ण वाढलेले पिल्लू होते, पिसांसकट. एका बाजूने ते कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटले होते. मामांनी ते सोडवून पाहिले, सुटेना. ताटाच्या डाव्या बाजूला ठेवले.

"न फिरवलेलं," म्हणाले.

दुसरे फोडले. ते चिकटलेले नव्हते, नुसते उलटे वळले होते. उजव्या बाजूला. "हे कोणाचं नाही. होतं असं."

एकाहत्तरच्या एकाहत्तर फोडली. तासभर लागला असेल, मी घड्याळ पाहिले नाही. पाच-सहा अंड्यांनंतर मला स्वतःला कळू लागले, मी डावीकडे किंवा उजवीकडे बोट करायचो, मामा मान हलवायचे. दोनदा मी उजवीकडे दाखवले आणि त्यांनी डावीकडे ठेवले. एकदा मी डावीकडे दाखवले आणि त्यांनी उजवीकडे.

शेवटी मामांनी पाण्यात हात धुतले. "डावीकडे किती?"

मोजले. "चव्वेचाळीस."

"त्या दिवशीची एकसष्ट धरा."

"एकशे पाच."

"त्यातली दहा-बारा कशीही गेली असती. नेहमीच जातात. तेही लिहा." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "लिहून घ्या सगळं. पुढच्या खेपेला लागेल."

वही घरी होती. तळहातावर लिहिले. घरी येईपर्यंत घामाने पुसट झाले होते, पण वाचता आले.

चिकटलेली चव्वेचाळीस. त्याआधीची एकसष्ट. दहा-बारा वजा.